मॉडेल गाड्या आणि जुन्या गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या माणसांकडून येतात. एक टेबलावर वीतभर लांबीची गाडी बांधणारा, दुसरा पन्नास वर्षांपूर्वीची गाडी दारात उभी करण्याची इच्छा बाळगणारा. बऱ्याचदा ही दोन्ही माणसं एकच असतात, म्हणून प्रश्नांची वाटणी न करता ते एकत्रच ठेवले आहेत.

या दोन हौशींचा एकमेकींशी खरंच संबंध आहे का?

आहे, आणि अगदी जवळचा आहे. मॉडेल बांधणारा माणूस गाडी सुटी सुटी करून पाहतो. पुढची चाकं कशाच्या आधाराने उभी आहेत, स्टिअरिंगचा दांडा इंजिनाच्या कोणत्या बाजूने खाली उतरतो, सायलेन्सरचा पाइप कुठे वळतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. तोच माणूस खऱ्या गाडीपुढे उभा राहिला की चुकीचा आरसा, दुसऱ्याच वर्षाचा बंपर, बदललेली जाळी त्याला लगेच खटकते.

फोक्सवॅगन बीटलची मागची काच घ्या. १९५३ पर्यंत ती मधल्या पट्टीने दुभागलेली होती. मग ती अंडाकृती झाली, आणि १९५८ च्या मॉडेलपासून रुंद आणि चौकोनी. नुसत्या एका काचेवरून गाडीचा काळ सांगता येतो. अंडाकृती काचेच्या बॉडीला साठच्या दशकाअखेरचे बंपर बसवले तर मॉडेल खोटं दिसतं. खरी बीटल विकत घेताना तीच विसंगती दिसली, तर तिची डागडुजी दुसऱ्या गाडीचे भाग लावून झाली आहे हे कळतं.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही हा संबंध माहीत होता. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी 'क्राफ्ट्समन्स गिल्ड' नावाची मॉडेल स्पर्धा चालवली. सुरुवातीला घोडागाडीची प्रतिकृती बनवायची असे. पुढे मुलांनी स्वतः कल्पिलेली, १:१२ मापाची गाडी. या स्पर्धेत पारितोषिक मिळवलेला चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला.

१:२४, १:४३, १:१८ म्हणजे नेमकं काय? आणि एवढी वेगवेगळी मापं कशाला?

१:२४ म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ मिलिमीटर मॉडेलवर १ मिलिमीटर होतात. साडेचार मीटर लांबीची गाडी १:२४ मध्ये साधारण १९ सेंटीमीटर भरते, १:४३ मध्ये साडेदहा, १:१८ मध्ये २५, १:१२ मध्ये ३७ आणि १:६४ मध्ये जेमतेम ७.

प्रत्येक मापामागे काही ना काही कारण आहे. १:२४ आणि १:१२ ही फूट-इंचाच्या जगातली मापं: एका फुटाला अर्धा इंच, एका फुटाला एक इंच. १:४३ आलं खेळण्यातल्या रेल्वेकडून. ओ गेज रेल्वेत एका फुटाला ७ मिलिमीटर धरत आणि त्या गाड्यांशेजारी शोभतील अशा मोटारी त्याच मापात बनू लागल्या. १:२५ चा उगम अमेरिकेत आहे. तिथे मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाडीची प्लॅस्टिकची हुबेहूब प्रतिकृती त्या मापात बनत असे. एएमटी ही कंपनी अशाच प्रतिकृती बनवत होती. १९५८ पासून तिने सुट्या भागांची किट काढली. एकाच डब्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी हवी ती गाडी बांधता येई. अमेरिकन गाड्यांची किट आजही बरीचशी १:२५ ची असतात. जपानी आणि युरोपीय कंपन्या बहुतेक १:२४ धरतात, फॉर्म्युला वनसाठी १:२०.

कपाटात १:२४ आणि १:२५ शेजारी ठेवले तर फरक जाणवत नाही. १:२४ शेजारी १:१८ मात्र विचित्र दिसतं. संग्रह वाढवायचा असेल तर एका मापाला धरून राहा.

पहिलं मॉडेल कोणतं घ्यावं?

तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या गाडीचं, १:२४ मधलं, आणि शक्यतो तामिया या जपानी कंपनीचं. आवडीची गाडी हवी, कारण मधल्या कंटाळवाण्या टप्प्यात, म्हणजे घासणं, वाळवणं, पुन्हा घासणं चालू असताना, गाडीवरचं प्रेमच काम पुढे रेटतं. तामियाचं अशासाठी की तिचे भाग एकमेकांत नीट बसतात आणि सूचनापत्रिका स्वच्छ असते. हासेगावा आणि अलीकडची रेवेल किटही चांगली. पन्नास वर्षांपूर्वीच्या साच्यांतून आजही निघणारी किट पुढच्या वेळेसाठी ठेवा. त्यांच्या भागांना बरंच घासावं लागतं आणि नवखा माणूस दोष स्वतःकडे घेतो.

इंजिन नसलेलं, बोनेट बंद असलेलं किट घ्यायला मुळीच हरकत नाही. पहिल्या गाडीत शिकायचा असतो रंग.

पोचर या कंपनीच्या १:८ मापाच्या किटची भुरळ अनेकांना पडते. रोल्स-रॉइस फँटम टू किंवा अल्फा रोमिओ, हजारांवर सुटे भाग, स्क्रूंनी जोडायचं खरंखुरं यंत्रकाम. ते सुंदर आहे, पण ते हात बसल्यानंतरचं काम आहे.

सुरुवातीला कोणती हत्यारं लागतात?

स्प्रूपासून, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून, ते कापायला बारीक तोंडाचा कटर, धारदार पात्यांचा चाकू, एक चिमटा, एक बारीक कानस आणि ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतचे (क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक) पाण्याचे पॉलिश पेपर. बाकी सगळं गरज पडेल तसं. एअरब्रश नंतरही चालेल. डब्यातल्या स्प्रेने उत्तम काम होतं.

कोणता गोंद कुठे?

किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन. त्यासाठीचं पातळ सिमेंट हा खरं तर गोंद नव्हेच. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन भाग एकजीव होतात. आधी भाग जुळवून धरा, मग सांध्यावर नुसता ब्रश टेकवा. पातळ सिमेंट आपोआप आत ओढलं जातं.

रबर, धातू किंवा रेझिनच्या भागांसाठी सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरा. काचांजवळ सुपरग्लू नेऊ नका, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी धुरकट छटा बसते. काचांसाठी लाकडाचा पांढरा गोंद बरा. क्रोम चढवलेल्या भागांवर सिमेंट धरत नाही, म्हणून जोडायच्या जागेवरचं क्रोम चाकूने खरवडून घ्यावं लागतं.

रंग खऱ्या गाडीसारखा का दिसत नाही?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर जाडीत आहे. खऱ्या गाडीवर कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. १:२४ च्या हिशेबाने मॉडेलवर तो ४ ते ६ मायक्रॉन असायला हवा. इतका पातळ थर देणं शक्य नाही, पण जितके जवळ जाल तितकं मॉडेल खरं वाटतं. दाराच्या फटीचं तसंच. खऱ्या गाडीत ती ४-५ मिलिमीटर असते, म्हणजे मॉडेलवर साधारण ०.२ मिलिमीटर. जाड रंगाचे चार हात दिले की ती फट बुजते, बोनेटची कड गोल होते आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. म्हणून रंगवण्याआधीच दारं, बोनेट आणि डिकीच्या रेघा कोरून थोड्या खोल करून घ्याव्यात.

कामाचा क्रम असा ठेवा. बॉडी साबणाच्या पाण्याने धुवा, साच्यातून निघताना तिला लागलेला तेलकटपणा जातो. मडगार्डांवरून आणि छताच्या कडांवरून जाणारी साच्याची बारीक शीर शोधा आणि घासून टाका. बोटाला लागत नाही म्हणून ती नाही असं समजू नका. चकचकीत रंगाखाली ती हमखास वर येते. मग प्रायमर. प्रायमरचं खरं काम दोष दाखवण्याचं आहे: करड्या रंगावर प्रत्येक ओरखडा दिसतो. त्यानंतर रंगाचे पातळ हात. पहिला तर नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहील इतकाच. घाईने पहिल्याच हाताला पूर्ण झाकायला गेलात की कडांवरून रंग ओघळतो.

लाल प्लॅस्टिकच्या बॉडीवर पांढरा किंवा पिवळा रंग देणार असाल तर मध्ये चंदेरी रंगाचा एक हात द्या. लाल रंगद्रव्य वरच्या थरांत झिरपतं आणि काही दिवसांनी पांढरी गाडी गुलाबी होते. हा थर ते अडवतो.

रंगांची जातही पाहा. लॅकर, इनॅमल आणि पाण्यावर आधारित ॲक्रिलिक या तिघांची द्रावकं वेगळी. लॅकरवर इनॅमल चालतं, पण इनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. हवा फार दमट असेल त्या दिवशी लॅकर मारू नका, ते पांढुरकं पडतं.

शेवटी क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर. तो पूर्ण कडक होऊ द्या, म्हणजे वास यायचा थांबेपर्यंत. मग २००० च्या किंवा त्याहून बारीक पेपरने पाण्यात हलकेच घासा आणि पॉलिशने चमक आणा. कडांना आणि उंचवट्यांना पेपर लावू नका, तिथला रंग सर्वांत आधी उडतो. आणि चमकेचं प्रमाण राखा. साठच्या दशकातली गाडी कारखान्यातून आरशासारखी चकाकत बाहेर येत नसे. मॉडेलवर तशी चमक आणली तर गाडी नुकतीच प्रदर्शनासाठी सजवलेली वाटेल. तुम्हाला तेच दाखवायचं असेल तर उत्तम.

खिडक्यांभोवतीची क्रोमची पट्टी इतकी बारीक कशी करतात?

त्यासाठी मागे चिकट असलेला अतिशय पातळ धातूचा पत्रा मिळतो. 'बेअर मेटल फॉइल' हे त्याचं प्रसिद्ध नाव. पट्टीपेक्षा थोडा रुंद तुकडा कापून खिडकीच्या कडेवर ठेवा. टोक केलेल्या लाकडी काडीने मधून बाहेरच्या दिशेला दाबत न्या. कोपऱ्यात सुरकुती आली तर तिथे पुन्हा पुन्हा हलकं चोळा, ती बसते. मग नवं कोरं पातं घ्या आणि पट्टीच्या उंचवट्याच्या कडेला टेकवून, जवळजवळ वजन न देता ओढा. जोर लावला तर पातं खाली रंगात उतरतं. जादाची पट्टी चिमट्याने उचलली की मागे केसभर रुंदीची झळझळीत रेघ राहते, आणि तोपर्यंत प्लॅस्टिकची वाटणारी वस्तू एकदम गाडी होते. या हौशीतला माझा सर्वांत आवडता क्षण हाच.

पातं प्रत्येक दोन-तीन खिडक्यांनंतर बदला. बोथट पातं पत्रा कापत नाही, फाडतं.

इंजिनात वायरी घालायच्या असतील तर?

खऱ्या गाडीतली प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १:२४ मध्ये ०.३ मिलिमीटर. तेवढ्या जाडीची, रंगीत वेष्टण असलेली तांब्याची तार आणा. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत आणि प्रत्येक प्लगच्या जागी हाताच्या ड्रिलने भोकं पाडा. चार सिलिंडरला टोपीत पाच भोकं: चार प्लगसाठी, मधलं कॉइलसाठी.

आता थोडं खोलात. वायरी कशाही जोडू नका. चार सिलिंडरच्या पुष्कळ इंजिनांचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो, बीटलचा १-४-३-२, शेव्हर्लेच्या प्रसिद्ध छोट्या व्ही-आठचा १-८-४-३-६-५-७-२. टोपीखालचा रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने हा क्रम लावत जायचा. बोनेटखाली डोकावणाऱ्या शंभरातल्या एखाद्यालाच हे कळेल. तरी करा, कारण हे एकदा हाताने केलं की उद्या खऱ्या गाडीत वायरी काढून पुन्हा लावताना कागद पाहावा लागत नाही.

या कामात आरोग्याला धोका आहे का?

आहे, आणि तो हलक्यात घेऊ नका. लॅकर आणि त्याचा थिनर उघड्या खिडकीजवळ, वाफेसाठीचा मास्क लावूनच वापरा. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. दोन भाग मिसळून वापरायच्या टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात. ते दम्यासारखा कायमचा त्रास मागे लावू शकतात. योग्य श्वसनयंत्र आणि हवा बाहेर खेचणारी सोय नसेल तर टू-के नकोच. रेझिनचे भाग पाण्यात बुडवून घासा.

तयार डायकास्ट (साच्यात धातू ओतून बनवलेल्या) गाड्या गोळा करणं कमी दर्जाचं आहे का?

अजिबात नाही. डिंकी, कॉर्गी, मॅचबॉक्स यांच्या जुन्या गाड्या हा स्वतःच एक इतिहास आहे. कॉर्गीने १९५६ मध्ये गाड्यांना पारदर्शक खिडक्या दिल्या आणि तेव्हाच्या मुलांना तेवढ्यानेच वेड लागलं. जुन्या डायकास्टला मूळ रंग थोडा उडालेला असला तरी हात लावू नका. नवा रंग दिला की तिची ओळख पुसली जाते.

'क्लासिक' गाडी नेमकी कशाला म्हणायची?

एकच उत्तर नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, फिवा, १९६६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या व्याख्येनुसार वाहन किमान ३० वर्षांचं, इतिहासाला धरून जपलेलं आणि रोजच्या प्रवासासाठी न वापरलं जाणारं असावं. अमेरिकेतला अँटिक ऑटोमोबाइल क्लब २५ वर्षं धरतो. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध फेरीत १९०५ च्या आधी बनलेल्याच गाड्या येतात. १९१९ ते १९३० च्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणण्याची ब्रिटिश पद्धत आहे. सर्रास सगळ्या जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणणं त्या हिशेबात बसत नाही.

तुमच्या देशातल्या नोंदणीच्या, आयातीच्या आणि कराच्या नियमांत वयाची अट वेगळी असू शकते. गाडी ठरवण्याआधी ते नियम वाचा.

पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी?

भरपूर संख्येने बनलेली. बीटल २ कोटी १० लाखांहून अधिक बनल्या, २००३ पर्यंत. मिनी, एमजीबी, फियाट ५००, सुरुवातीची मस्टँग, या गाड्यांचे सुटे भाग आजही नव्याने बनतात आणि त्यांच्याविषयीचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं आहे. दुर्मिळ गाडी ऐकायला छान वाटते, पण तिचा एक दिवा फुटला की वर्षभर शोध चालतो.

इंजिनाची फार चिंता करू नका. पिस्टन, बेअरिंग, गास्केट बहुतेक मिळतात किंवा बनवता येतात. मिळत नाहीत त्या क्रोमच्या पट्ट्या, आतली बटणं, दिव्यांच्या काचा, आसनांचं मूळ कापड. पूर्ण पण बंद पडलेली गाडी, चालू पण अर्धी हरवलेल्या गाडीपेक्षा कित्येकदा बरी.

आणि ती गाडी एकदा चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. चित्रात लोभसवाण्या वाटणाऱ्या काही गाड्यांत उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात.

गाडी पाहायला जाताना काय तपासावं?

पत्रा. आधी पत्रा, मग पत्रा, मग बाकीचं. इंजिनाचं काम मोजता येतं, गंजाचं येत नाही. बाहेर नाण्याएवढा फोड दिसला तर आत हाताएवढी जागा गेलेली असते.

एक छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सोबत न्या. दाराखालच्या सिलवर, मडगार्डच्या कमानीवर, दारांच्या खालच्या कडेवर आणि मागच्या चाकांपुढे ते हळूहळू फिरवा. जिथे ओढ अचानक कमी होते तिथे रंगाखाली लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरली आहे. थोडी लांबी गुन्हा नाही, जुन्या गाडीत ती असतेच. पण सिल ही पुष्कळ गाड्यांत नुसती शोभेची पट्टी नसते. वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नसलेल्या गाडीत बॉडीचा भार तिच्यावरही असतो. तिथे लांबी सापडली तर गाडीचा कणाच पोकळ आहे असं समजा. कणा ठीक आहे का हे पाहायचा आणखी एक मार्ग: दार उघडा, बंद करा आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. जॅकवर गाडी उचलल्यावर दार अडकू लागलं तर तिथेच थांबा.

मग पायातले गालिचे उचला आणि डिकीतलं स्टेपनीचं खोल घर पाहा. पाणी साचतं ते इथे. इंजिन सुरू करायचं असेल तर आधी त्याला हात लावून ते थंड आहे याची खात्री करून घ्या. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन सकाळी सुरू होताना काय करतं, ते लपलेलं असतं. सुरू होताना निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि पाणी कमी होत असेल तर हेड गास्केटवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलवर संशय घ्या.

कागदपत्रं शेवटी नाही, सुरुवातीलाच मागा. जुनी बिलं, दुरुस्तीच्या नोंदी, आधीच्या मालकांची नावं, जुने फोटो. चॅसी क्रमांक कागदावरचा आणि गाडीवरचा एकच आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

'मॅचिंग नंबर' म्हणजे काय?

कारखान्यातून निघताना गाडीत जे इंजिन होतं तेच आजही आहे आणि क्रमांक कंपनीच्या नोंदींशी जुळतात, असा त्याचा अर्थ. काही गाड्यांत गिअरबॉक्ससुद्धा धरतात. संग्राहकांना हे महत्त्वाचं वाटतं. चालवायची गाडी हवी असेल तर त्याच जातीचं, नीट बांधलेलं दुसरं इंजिन असणं हा दोष नाही; विकणाऱ्याने ते सांगितलेलं असावं एवढंच.

गाडी नवी कोरी करून घ्यावी की आहे तशी ठेवावी?

इथे माझं मत ठाम आहे: शक्य तितकी आहे तशी ठेवा. एकदा मूळ रंग काढला, मूळ आसनं फेकली की ती परत आणता येत नाहीत. नवा रंग कितीही चांगला असला तरी तो आजचा असतो. फिवाच्या 'ट्युरिन चार्टर'चा रोखही जतनाकडे आहे: काळाच्या खुणा हाही वाहनाचा इतिहास आहे, आणि त्या पुसण्याआधी विचार करावा.

चालकाच्या बाजूला दाराच्या कडेवर कोपर टेकून टेकून रंग झिजलेला असतो. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने जास्त गेलेलं असतं. या खुणा कुठल्याही कारागिराला बनवता येत नाहीत. गंजलेला पत्रा मात्र बदलायलाच हवा, ब्रेक नवे हवेत, फाटलेली वायरिंग बदलायला हवी. सुरक्षितता आणि गंज या दोन बाबतींत मुरवत नको. दिसण्याच्या बाबतीत हात आखडता घ्या.

काही गाड्यांना मात्र दुसरा मार्ग उरलेला नसतो. अर्धी सडलेली गाडी पूर्ण उतरवूनच वाचते. तेव्हा एक शिस्त पाळा: प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर नाव. हे काम महिनोन्‌महिने चालतं आणि स्मरणशक्तीवर विसंबून कुणालाच गाडी पुन्हा जोडता येत नाही.

आजचं पेट्रोल आणि तेल जुन्या गाडीला चालतं का?

चालतं, थोडी काळजी घेऊन. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असे आणि त्याने व्हॉल्व्हच्या बैठकींचं झिजण्यापासून रक्षण होई. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल २०२१ मध्ये जगभर बंद झालं. मऊ बैठकींच्या इंजिनात, लांब पल्ल्याला वेगाने जायचं असेल तर हेड उघडण्याची वेळ येईल तेव्हा कडक बैठका बसवून घ्या. हळू चालणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षं काही होत नाही.

जास्त त्रास इथेनॉलचा. ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि भेगाळवतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा करून घ्या, हे पहिल्याच महिन्याचं काम. पिचलेली नळी गरम इंजिनावर गळली तर गाडी जळते. तेलात जस्ताचं प्रमाण पुरेसं असावं, कारण व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जुन्या सपाट टॅपेटना आणि कॅमला त्याची गरज असते. जुन्या गाड्यांसाठी म्हणून बनणाऱ्या तेलात ते असतं.

टायर नवे दिसतात. तरी बदलायचे?

त्यांचं वय वाचा. टायरच्या बाजूवर 'DOT' (डीओटी) ने सुरू होणाऱ्या अक्षरांशेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०७१९ म्हणजे २०१९ चा सातवा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असो, तो काढा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. ब्रेकचं तेल पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदला. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथली धूळ फुंकून उडवू नका.

गाडी जपून ठेवावी की चालवावी?

चालवावी. उभ्या गाडीत तेलाचे सील सुकतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसतो. आठवड्यातून पाच मिनिटं जागेवर सुरू करणं तर आणखी वाईट. इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साचून राहतं. सुरू केली तर पूर्ण गरम होईपर्यंत, अर्धा तास तरी रस्त्यावर न्या.

अमेरिकेतल्या अर्व गॉर्डन यांनी १९६६ ची व्होल्व्हो पी १८०० नवी घेतली आणि २०१३ मध्ये तिने ३० लाख मैलांचा टप्पा ओलांडला. त्यांचं गुपित म्हणाल तर वेळेवर तेल बदलणं, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे देखभाल, आणि सतत चालवणं.

दीर्घकाळ ठेवायचीच असेल तर कोरडी जागा, हवा खेळती राहील असं कापडी आवरण आणि बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर. प्लॅस्टिकचं आवरण घालू नका; आत ओल कोंडते.

जुनी गाडी ही चांगली गुंतवणूक आहे का?

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. फेरारी २५० जीटीओ मोजून ३६ बनल्या, तिच्या किमतीच्या बातम्यांवरून आपल्या गाडीचा हिशेब मांडता येत नाही. जागा, विमा, भाग, मजुरी यांत सहसा मिळकतीहून जास्त जातं. विमा मात्र तुम्ही आणि विमा कंपनी अशा दोघांनी आधी मान्य केलेल्या किमतीचा मिळतो का ते पाहा. साध्या घसाऱ्याच्या हिशेबात जुनी गाडी कवडीमोल ठरते.

माझ्या स्वतःच्या गाडीचं मॉडेल बनवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी फोटो. गाडीपासून लांब उभं राहून, झूम करून, लेन्स चाकाच्या मध्याच्या उंचीवर ठेवून चारही बाजूंनी काढा. जवळून काढले तर प्रमाण बिघडतं, पुढचं चाक मोठं दिसतं. मग खाली वाकून चॅसीचे, बोनेट उघडून इंजिनाचे, आणि डॅशबोर्डचा प्रत्येक काटा दिसेल असे. टेप घेऊन चाकांमधलं अंतर, टायरचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची मोजा. या तीन मापांना २४ ने भागून किटवर ताडून पाहा. किटची गाडी बऱ्याचदा थोडी उंच बसलेली असते, आणि बॉडीचा आकार बरोबर असूनही मॉडेल आपलं वाटत नाही ते याच कारणाने.

रंग जुळवताना गाडीच्या छताकडे पाहू नका, ते उन्हाने फिकं झालेलं असतं. डिकीच्या झाकणाच्या आतली बाजू किंवा दाराच्या चौकटीतला रंग घ्या. तोच मूळ. मॉडेलवर तो किंचित उजळ करून द्या. लहान पृष्ठभागावर गडद रंग अधिकच काळवंडतो.

जुन्या किटचे मऊ व्हिनाइल टायर वापरणार असाल तर चाकाच्या आणि टायरच्या मध्ये रंगाचा किंवा फॉइलचा एक थर ठेवा. त्या टायरमधलं रसायन वर्षानुवर्षं पॉलिस्टायरिन खात राहतं आणि रिमवर वितळल्याच्या खुणा पडतात. गाडी काचेच्या पेटीत, थेट उन्हापासून दूर ठेवा. टायर पेटीच्या प्लॅस्टिकच्या तळाला टेकत असतील तर खाली पातळ पुठ्ठा घाला.